दिवसातून दोनदा ब्रश करूनही हिरड्यांतून रक्त का येतं? स्केलिंग केल्याने (दातांवरचा कडक थर डॉक्टरांकडून काढून घेतल्याने) दात हलायला लागतात, हे खरं का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि लिहायला बसलेच. नऊ वर्षं हा आरोप मी ऐकते आहे.

सासूबाईंच्या हिरड्यांतून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा, पुढच्या दातांत फटी पडल्या होत्या. रक्ताच्या भीतीने त्या ब्रश नुसता वरवर फिरवायच्या. मागे लागून मीच त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये घालून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरपर्यंत असते, आईंची सहा-सात भरली. मग एक्सरे काढला. आणि अचानक विचारलं, "यांची शुगर कधी तपासली होती?" कधीच नाही. तपासली तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर, 9.2! मधुमेहच निघाला. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की शुगरही आटोक्यात राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

स्केलिंग झालं आणि आठवड्याभरात खालचे दोन दात हलू लागले. मोठे भाऊजी म्हणाले, "धडधाकट दात होते, तू नेऊन हलवून आणलेस." तेव्हापासून घरात कुणाचाही दात दुखला की हे वाक्य निघतंच.

दात स्केलिंगने हलले नव्हते. रोज न निघालेला चिकट थर कडक होतो, त्याचं कीटण होतं आणि ते ब्रशने निघत नाही. त्याच्या आडोशाने जंतू हिरडीखाली उतरतात, सूज वर्षानुवर्षं राहते आणि दात धरून ठेवणारं हाड झिजतं. आईंचे ते दात एकमेकांना कीटणाने चिकटलेले होते. कीटण काढल्यावर त्यांचा सैलपणा उघड झाला, एवढंच.

तुमच्या रक्ताबद्दल: ब्रशचे केस दोन दातांच्या मधे पोचत नाहीत, म्हणून फ्लॉस (फटीतून फिरवायचा दोरा) किंवा इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा बारीक ब्रश) लागतोच. रक्त येतं म्हणून घासणं थांबवू नका. 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात साफ करणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, सफाई पुन्हा सुरू केल्यावर बऱ्या झाल्या. नुसती सूज असेल तर ती अशी उतरते. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

भाऊजींचा हुकमी मुद्दा असा, की त्यांच्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही. ते सिगारेट ओढतात. धूम्रपानाने रक्त येणं दबतं, आजार मात्र आत वाढत राहतो. या आजाराच्या सर्वांत मोठ्या कारणांत धूम्रपान येतं.

मी डॉक्टर नाही. गरोदरपणात किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही रक्त येतं. फिट्सवरच्या फेनिटॉइनने आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरड्या वाढतात, पण गोळ्या मनाने बंद करू नका. काही घराण्यांत हा आजार जास्त दिसतो, हेही खरं. स्केलिंगनंतर काही दिवस दातांना गार लागतं आणि सूज उतरल्यामुळे फटी मोठ्या दिसतात.

आणि स्केलिंगच्या आधी एक्सरे काढून घ्या, हिरड्यांची मापं कागदावर लिहून मागा. आईंचा एक्सरे मी जपून ठेवला आहे. खालच्या दातांचं हाड निम्म्याहून खाली गेलेलं त्यात स्वच्छ दिसतं, आणि त्यावरची तारीख स्केलिंगच्या चार दिवस आधीची आहे.