मुलगा कमावता असताना सासऱ्यांसाठी श्रावणबाळचा अर्ज करावा का?

ताई, तुम्ही विचारलंय की सासरे 67 वर्षांचे आहेत, शेती नाही, पेन्शन नाही, सरकारकडून महिन्याला काही मिळेल का. आणि शेवटी लिहिलंय की नवरा म्हणतो, मुलगा असताना अर्ज केला तर चारचौघांत मान खाली जाईल. पहिल्याचं उत्तर सेतू केंद्रातलं, दाखले काढतात तिथलं, कुणीही देईल. मी लिहायला बसलोय ते दुसऱ्यासाठी, कारण हेच आमच्या घरात बोललं गेलं आणि त्यापायी माझ्या मावशीची काही वर्षं हकनाक गेली.

मावशी विधवा, गावी एकटी. मावसभाऊ पिंपरीत कंपनीत. पैसे पाठवायचा, नाही असं नाही, पण सणावाराला, नाहीतर तिने फोन केला की. एरवी ती लोकांच्या रानात भांगलणीला जायची. श्रावणबाळचा, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांना सरकार महिन्याला पैसे देतं त्या योजनेचा, विषय मी काढला तेव्हा रक्कम 600 होती. भाऊ तिच्यासमोरच म्हणाला, "माझ्या आईला सरकारची भीक नको." मी विचारलं, मग किराणा दुकानाच्या वहीत तिच्या नावावर उधारी का? तो ताटावरून उठला. मुलगा दुखावला म्हणून मावशीने कागद ट्रंकेत टाकले.

पुढे गुडघे गेले, भांगलण बंद झाली, तेव्हा तीच म्हणाली, चल. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी आणि वय चांगलं पाच वर्षांनी कमी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईकडे शाळेचा दाखला कुठून येणार? सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला काढला, आधार दुरुस्त करून घेतलं, मग तलाठ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला, मग समितीची बैठक लागेल तेव्हा मंजुरी. पहिले पैसे आले तर बँकमित्राच्या मशीनवर बोटंच उमटेनात. जन्मभर खुरपं धरून रेषा झिजलेल्या. त्याने ओल्या फडक्याने एकेक बोट पुसून दाबून पाहिलं, शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. मावशी तिथून थेट दुकानात. आपली उधारी काढायला लावली, पैसे मोजून दिले, दुकानदाराने पानावर आडवी रेघ मारेपर्यंत तिथून हलली नाही.

याला भीक म्हणणाऱ्याला मी आजही तोंडावर सांगतो: सरकारी नोकर निवृत्त होऊन पेन्शन घेतो तेव्हा त्याच्या मुलाची अब्रू जात नाही. रोजंदारीत आयुष्य काढलेल्यानेच का लाजायचं? लाज वाटायची तर रकमेची वाटावी. दारिद्र्यरेषेखालच्या 60 ते 79 वयाच्या माणसामागे केंद्राचा वाटा महिना 200 रुपये, तो पंधरा वर्षांहून जास्त काळ तिथेच आहे. वरचे राज्य घालतं. आणि श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000. दिवसाला 300 मजुरी धरली तर 70 दिवसांत संपली. एवढ्यात घर चालत नाही हे दाखला देणाऱ्यालाही कळतं. ही मर्यादा वाढलीच पाहिजे.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणाल तर श्रावणबाळला वय 65 च्या वर लागतं, ते आहे, महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा लागेल. अर्ज तहसीलच्या संजय गांधी निराधार योजना शाखेत. बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या, यादीत नाव असेल तर केंद्र आणि राज्य मिळून, नसेल तर सगळे राज्याचे. जुलै 2023 पासून हातात 1500 पडतात. पण तुम्ही सगळे एकाच रेशनकार्डावर असाल तर नवऱ्याच्या पगाराचा प्रश्न निघणारच, आणि तो पगार 21,000 च्या आत असणं अवघड. खरंच वेगळे राहत असतील तर रेशनकार्ड आधी वेगळं करा. खोटा दाखला मात्र काढू नका, पुढे वसुली निघते. आणि आधार नेमकं कुठल्या बँक खात्याला जोडलंय ते आधी तपासा, पैसे त्याच खात्यात जातात. कुठल्यातरी जुन्या झिरो बॅलन्स खात्यात पडून राहिलेले मी पाहिलेत. दरवर्षी हयातीचा दाखला. मधे दोन-दोन महिने पैसे येत नाहीत, त्यावर औषधं अवलंबून ठेवू नका.

अर्ज केला म्हणजे मुलगा सुटला, असंही नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह मुलांवरच आहे, प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज गेला तर महिना 10,000 पर्यंत द्यायला लावू शकतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण ज्या भावाला ती भीक वाटत होती तोच आता म्हणतो, "तिला सरकार देतंय की," आणि दिवाळीला पाठवायचा त्यातलेही कमी केलेत. तेव्हा अर्ज भरायच्या आधी नवऱ्याकडून एवढं कबूल करून घ्या की वडिलांचे 1500 घरखर्चात धरायचे नाहीत, आणि पासबुक सासऱ्यांच्याच पिशवीत राहील.