कोल्ड्रिंकचं पॅकेज आधीच घेऊन टाकायचं का? क्रूझला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही ह्यूस्टनला राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत गॅल्व्हस्टनहून सात रात्रींची क्रूझ बुक केलीये, तीन बंदरं आणि तीन दिवस नुसता समुद्र. दोन केबिन, सहा माणसं, म्हणजे आम्ही दोघं, मुलगा १५ चा, मुलगी ९ वर्षांची आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. आता रोज ईमेल येतायत की कोल्ड्रिंकचं पॅकेज, म्हणजे एकदा पैसे भरा आणि हवं तितकं प्या, आत्ताच घ्या, माणशी दिवसाला १३ डॉलर, वर १८ टक्के टिप. सुटा ग्लास घेतला तर साडेतीन डॉलर अधिक टिप. मिस्टर म्हणतात सगळ्यांचं घेऊन टाकू, तिथे जाऊन रोज हिशोबाची कटकट नको. मुलगा तर नाचतोच आहे. मला मात्र पटत नाहीये, पण नीट सांगताही येत नाहीये का ते. घ्यावं का?

उत्तर: तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे, आणि का ते आकड्यांतच दिसतं, तर आधी आकडे करू.

१३ डॉलर आणि १८ टक्के म्हणजे दिवसाला १५.३४, सात दिवसांचे १०७.३८. सहा जणांचे ६४४ डॉलर. सहाशे चव्वेचाळीस, ताई, नुसत्या कोल्ड्रिंकचे! तेवढ्यात बंदरावर उतरून सगळ्यांची एखादी चांगली सहल होते.

आता एक माणूस किती प्यायला तर पैसे वसूल होतात? टिप दोन्हीकडे सारखीच लागते त्यामुळे ती बाजूला ठेवा, ९१ ला साडेतीनने भागा, २६ ग्लास. म्हणजे रोज जवळजवळ चार, आणि हे रोज म्हणजे सातही दिवस. इथेच बहुतेक लोकांचं गणित चुकतं कारण आपण डोळ्यासमोर आणतो तो दिवस असतो पूलशेजारी आरामखुर्चीत पडल्याचा. पण पैसे त्या दिवसाचेही घेतात ज्या दिवशी तुम्ही दुपारी एक वाजता बोटीवर चढता आणि त्या तीन दिवसांचेही ज्या दिवशी तुम्ही सकाळी उतरून संध्याकाळी पाचला परत येता, आणि बंदरावरच्या हॉटेलात किंवा बीचवर तुमचं पॅकेज चालत नाही, तिथे पुन्हा खिशातूनच जाणार. 'आम्हाला फक्त समुद्रातल्या तीन दिवसांचं द्या' असंही सहसा करता येत नाही, घ्यायचं तर अख्ख्या प्रवासाचं.

तुमच्या मुलाचंच बघू, कारण घरात खरा पिणारा तोच दिसतोय. चढल्या दिवशी तीन, समुद्रातल्या तीन दिवसांत रोज पाच म्हणजे पंधरा, बंदराच्या तीन दिवसांत संध्याकाळी जेवताना आणि नंतर एक असे रोज दोन म्हणजे सहा. झाले २४. उतरायच्या सकाळी तर नाश्ता करून लगेच बाहेरच काढतात. म्हणजे पंधरा वर्षांचा, कोल्ड्रिंक आवडणारा मुलगासुद्धा २६ ला पोचत नाही! मग सासूबाई, सासरे आणि नऊ वर्षांची मुलगी कुठून पोचणार.

आम्ही पहिल्यांदा क्रूझला गेलो तेव्हा मी चौघांचं घेतलं होतं, अगदी मिस्टरांच्या याच कारणासाठी, कटकट नको म्हणून. सात दिवसांत मी स्वतः सहा ग्लास प्यायले. आणि त्याहून वाईट वाटलं ते म्हणजे मुलांना मीच आठवण करत होते, अरे घ्या ना, पैसे दिलेत आपण. घरी जी आई फ्रीजमधून बाटली काढू देत नाही ती तिथे ग्लास भरभरून देत होती. म्हणून मला हा प्रश्न नुसता पैशाचा वाटत नाही. अमेरिकेतल्या कोकच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ दहा चमचे. असे चार झाले की १५६ ग्रॅम, एका दिवसात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलंय की अशी वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या खाली ठेवा, जमलं तर पाच, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. बोटीवर ग्लासभर बर्फ घालतात त्यामुळे एका ग्लासात कॅनइतकं पेय नसतं हे खरं, पण मग तेच पैशाच्या बाजूनेही धरा ना, साडेतीन डॉलरचा अर्धा भाग बर्फच असतो, मागताना 'बर्फ कमी' सांगायला विसरू नका.

आणि सासऱ्यांना किंवा सासूबाईंना डायबेटीस असेल तर त्यांच्यासाठी हा विषयच काढू नका.

मग प्यायचं काय? फुकट काय मिळतं ते आधी बघा कारण पॅकेजच्या जाहिरातीत हे कोणी ठळक लिहीत नाही. पाणी, बर्फ, साधी कॉफी, चहा, आइस टी, लेमोनेड, सकाळच्या नाश्त्याला ज्यूस, हे गॅल्व्हस्टनहून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या बोटींवर तिकिटातच असतं. मशीनचं लेमोनेड आपल्याला फार गोड लागतं, आमच्याकडे कोणालाच आवडलं नाही, पण चहाच्या काउंटरवर लिंबाच्या फोडी ठेवलेल्या असतात, साखरेच्या पुड्या असतात, टेबलावर मीठ असतं. सासूबाईंना हे दाखवून द्या, दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं लिंबू सरबत त्याच करतील. जलजीऱ्याची पाकीटबंद पावडर बॅगेत टाका. बोट लागते म्हणून कोणी जिंजर एल, म्हणजे आल्याचं कोल्ड्रिंक, प्यायला सांगेल, त्यापेक्षा आलेपाकाचं दुकानातलं सीलबंद पाकीट न्या, घरी केलेले पदार्थ बऱ्याच बोटी चढवू देत नाहीत.

पाण्याबद्दल वेगळं सांगते कारण भारतातून आलेल्या आई-बाबांना बाटलीबंदच पाणी लागतं आणि मग लोक 'नाहीतरी पाणी विकत घ्यायचंच आहे तर पॅकेजच घेऊ' इथपर्यंत येतात. एक तर साध्या कोल्ड्रिंक पॅकेजमध्ये बाटलीचं पाणी सहसा धरलेलंच नसतं. आणि दुसरं, बोटीवरचं नळाचं पाणी पिण्याचंच असतं, समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून किंवा बंदरावर भरून घेऊन ते शुद्ध करतात, आणि अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या क्रूझ बोटींची पाण्यासकट तपासणी तिथली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी करते. सासऱ्यांची नेहमीची स्टीलची बाटली घ्या आणि सकाळी बुफेतून भरून ठेवा.

आता मुलाचं. त्याला अगदीच कोरडं ठेवा असं नाही म्हणत मी, सुट्टी आहे त्याची. पण घरून कॅन नेता येतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या नियमात चढायच्या दिवशी एका केबिनमागे १२ कॅन किंवा छोट्या बाटल्या चालतात, म्हणजे तुमच्या दोन केबिनच्या २४. कार्निव्हल या दुसऱ्या कंपनीत माणशी १२ कॅन किंवा कार्टन चालतात, पण तिथे काचेची किंवा प्लॅस्टिकची बाटली नाही. दोन्हीकडे हे हातातल्या बॅगेत न्यायचं, हमालाकडे द्यायच्या मोठ्या बॅगेत नाही. नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात कंपनीच्या साइटवर एकदा बघाच. तुम्ही गाडीनेच गॅल्व्हस्टनला जाणार त्यामुळे वजनाचा प्रश्न नाही, तरी २४ कॅन नऊ किलोच्या आसपास भरतात, चाकांच्या बॅगेत टाका आणि मुलालाच ओढू दे. सुपरमार्केटमध्ये १२ चा पॅक आठ-दहा डॉलरला मिळतो, म्हणजे जे २४ ग्लास आपण वर मोजले ते वीस डॉलरमध्ये झाले. केबिनचा फ्रीज फार गार करत नाही, पण केबिन आवरणाऱ्या स्टुअर्डला सांगितलं की बर्फाची बादली तो रोज भरून ठेवतो.

एक मात्र खरं, रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच बोटींवर कोका-कोलाची फ्रीस्टाईल मशीन आहेत, पॅकेजबरोबर एक कप मिळतो, त्याच्या तळाला चिप असते, कप ठेवला की स्क्रीनवर हवा तो फ्लेवर निवडायचा. १५ वर्षांच्या मुलाला कॅनपेक्षा त्याचीच मजा जास्त, हे मी घरात बघितलंय. तेव्हा सेलमध्ये भाव दहा डॉलरवर आला तर त्याच्या एकट्याचं घ्या, कारण मग २० ग्लासांतच वसूल होतं आणि तो २४ पिणारच आहे. आधी घेतलेलं पॅकेज निघण्यापूर्वी रद्द करून कमी भावाने परत घेता येतं, त्यामुळे मधूनमधून भाव बघत राहा. आणि हो, केबिनमधल्या एकाने घेतलं की सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यायलाच हवं हा नियम दारूच्या पॅकेजचा आहे, कोल्ड्रिंकचं एकट्याचं घेता येतं. कार्निव्हल असेल तर २०२० मध्ये तिथे कोक जाऊन पेप्सी आली होती, मुलगा कोकवालाच असेल तर आता काय मिळतं ते पैसे भरायच्या आधी बघा. (डिस्नेच्या बोटीवर जेवताना आणि डेकवरच्या मशीनवर कोल्ड्रिंक तिकिटातच असतं, पण तिकीटच एवढं महाग की त्यासाठी बोट बदलू नका.)

राहता राहिली मिस्टरांची कटकट. ती खरी आहे, बोटीवर पैसे हातात येत नाहीत, कार्ड दाखवायचं आणि बिल शेवटच्या रात्री. त्यावर उपाय म्हणजे पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डावरचा खर्च बंद करून घ्या. मग मुलाला सुटा ग्लास हवा असेल तर तो तुमच्याकडे येईल, आणि रोज एखादा द्यायला काहीच हरकत नाही.

प्रश्न: आम्ही दोघं पुण्याहून टूरबरोबर सिंगापूरला चाललोय, त्यात चार रात्रींची पेनांग-फुकेत क्रूझ आहे. मी ६२, मिसेस ५८. टूरवाले म्हणतात कोल्ड्रिंक पॅकेज सगळा ग्रुप घेतोय, माणशी साडेपाच हजार. घेतलंच पाहिजे का? आम्ही महिन्यातून एखादं थम्सअप पिणारी माणसं.

उत्तर: नका घेऊ, काका. कोल्ड्रिंक पॅकेज क्रूझवर कंपल्सरी नसतं, ग्रुप घेतोय म्हणून तर अजिबात नाही. तुमचे ११ हजार होतात. बोटीवरचा भाव वरच्यासारखाच साडेतीन डॉलर अधिक टिप असेल तर डॉलर ९० रुपयांना धरा, टिपसकट एक ग्लास साधारण पावणेचारशेला पडतो. महागच आहे, पण साडेपाच हजार वसूल करायला त्या हिशोबाने एका माणसाला चार दिवसांत पंधरा ग्लास प्यावे लागतील. शिवाय छोट्या क्रूझला चढायचा दिवस आणि दोन बंदरं सोडली की पूर्ण समुद्राचा दिवस एखादाच उरतो, पेनांग आणि फुकेतला तर तुम्ही दिवसभर बसमध्ये असाल.

ज्या पैशाबद्दल टूरवाल्यांना खरंच विचारायला हवं ते वेगळे आहेत. क्रूझवर माणशी रोजची सर्व्हिस टिप लागते, ती तुमच्या पॅकेजमध्ये धरलीये की शेवटच्या दिवशी तुमच्या कार्डावर पडणार, हे निघायच्या आधी लेखी घ्या. आणि एखाद्या संध्याकाळी डेकवर बसून थम्सअपसारखं काही प्यावंसं वाटलं तर एक मागवा आणि दोघांत घ्या.

प्रश्न: एकाने पॅकेज घ्यायचं आणि त्याच कपात आळीपाळीने चौघांनी प्यायचं, असं बरेच जण करतात म्हणे. चालतं का?

उत्तर: नाही चालत. पॅकेज एका माणसाच्या नावावर असतं आणि वाटून प्यायचं नाही हे त्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. बारमधून मागताना कार्ड दाखवावं लागतं त्यावर फोटो निघतो, मशीनचा कप चिपवर चालतो. सापडलं तर पॅकेज बंद करतात आणि पैसे परत देत नाहीत. मुलाने घोटभर चव बघितली म्हणून कोणी येऊन पकडत नाही, तेवढी माणुसकी सगळीकडे असते, पण ठरवून चौघांत एक घ्यायचं आणि मुलांना 'कोणी विचारलं तर माझंच आहे म्हण' असं शिकवायचं हे मला अजिबात पटत नाही. चौघांना मिळून एकच पॅकेज पुरतंय असं वाटत असेल तर चौघं मिळून दिवसाला चार-पाचच ग्लास पिणार आहात, मग सुटे घ्या, जवळपास तेवढ्यातच होतं.