खिचडी वाटायला पदवी कशाला लागते?

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. तुम्ही शिरोळ तालुक्यातले शेतकरी. थोरली लेक बी.एस्सी. न्यूट्रिशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात तुमचं सगळं घर आठवडाभर एका शाळेत राहिलं, तेव्हा ती नववीत होती. आता ती म्हणते, मला दवाखान्यात बसून डाएट चार्ट लिहायचे नाहीत, आपत्तीत सापडलेल्या माणसांच्या आहाराचं काम करायचंय. तुमचे प्रश्न तीन : "खिचडी वाटायला पदवी कशाला लागते? लागत असेल तर त्यात पोट भरतं का? आणि मुलीची जात, तिला युद्धात कशी पाठवू?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंय की शाळेत बिस्किटांचे खोकेच्या खोके आले. तुमच्या आईला दात नाहीत आणि साखरेचा आजार आहे. त्यांनी दोन दिवस चहात बुडवून बिस्किटं खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना उठवेना. शेजारच्या वर्गात एक बाळंतीण होती. घाबरल्यामुळे तिला दूध येईना, म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने पावडरचा डबा आणून दिला आणि बाळाला हगवण लागली. तुम्ही हे सहज, आठवण म्हणून लिहिलंत. तुमच्या लेकीला तेव्हाच कळलं असणार की अन्न कमी नव्हतं, पण कुणाला काय चालेल हे बघणारं तिथे कुणी नव्हतं. ते बघणं हाच हा व्यवसाय आहे.

पावडरच्या डब्याचंच घ्या. इंडोनेशियात योग्याकार्ता भागात मे २००६मध्ये भूकंप झाला आणि मदत म्हणून बाळांच्या दुधाची पावडर सर्रास वाटली गेली. नंतर पाहणी झाली, तेव्हा दोन वर्षांखालच्या ज्या मुलांना ती पावडर मिळाली होती त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण २५ टक्के निघालं, न मिळालेल्यांत १२ टक्के. पाणी गढूळ, बाटली उकळायला इंधन नाही, मग दुसरं काय होणार? भीतीने आईचा पान्हा काही वेळ अडतो, पण बाळ वरचेवर अंगाला लावत राहिलं तर तो पुन्हा सुटतो. त्यासाठी त्या बाईला आडोसा हवा, पाणी हवं, पोटभर जेवण हवं आणि धीर देणारं जाणतं माणूस हवं. ज्या बाळाला आईच उरली नाही त्याला पावडर द्यावीच लागते, पण ती वाटी-चमच्याने, उकळलेल्या पाण्यात, मोजून आणि रोज कुणाच्या तरी नजरेखाली. आपल्याकडे तर १९९२पासून कायदाच आहे की अनाथालय सोडून अशी पावडर दान म्हणून वाटायची नाही. मदतीच्या ट्रकवर उभ्या असलेल्या किती जणांना हे ठाऊक असतं? तुमच्या लेकीला ठाऊक असेल, आणि डबा नको म्हणायचं धैर्य तिच्यात लागेल. अशा वेळी नको म्हणणं फार कठीण असतं.

दुसरं उदाहरण मला स्वतःला फार अस्वस्थ करतं. मोझांबिकमधल्या यादवीतून पळालेले लाखो लोक शेजारच्या मलावी देशात छावण्यांत राहत होते. रेशनवर मुख्य धान्य मका आणि जोडीला शेंगदाणे. पुढे शेंगदाण्यांचं वाटप विस्कळीत झालं. मका मिळत होता, पोटं भरत होती. आणि १९९०मध्ये तिथे पेलाग्राचे सुमारे १८,००० रुग्ण सापडले. पेलाग्रा म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग : उन्हात उघडी पडणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, पुढे भ्रम होतो. मक्यातलं नायसिन असं जखडलेलं असतं की ते अंगी लागत नाही. ती उणीव शेंगदाणे भरून काढत होते. यादीतली एक ओळ गळली आणि हे झालं. आपल्याला हे परकं वाटायला नको, दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्येही हा रोग दिसत असे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्यावर काम केलं आहे. रेशनच्या यादीतली ती गळलेली ओळ वेळेवर ओळखणारं माणूस म्हणजे तुमची लेक, असं मी डोळ्यांसमोर आणतो.

म्हणजे यात हिशेब आहे, नुसती कणव नव्हे. छावणीतल्या रेशनचा हिशेब जगभर माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरीपासून सुरू होतो. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मोठ्यांसाठी २,४०० आणि मुलांसाठी १,७०० हा किमान आकडा ठरवला आहे. गरोदर बाई, म्हातारं माणूस, क्षयाचा रुग्ण, प्रत्येकाचा हिशेब पुन्हा वेगळा. आणि अगदी खंगलेलं मूल समोर आलं तर त्याला एकदम पोटभर खाऊ घालणं जिवावर बेततं. आजारी, सुजलेल्या मुलाला आधी एफ-७५ नावाचं हलकं दूध थोडंथोडं देतात आणि ते सावरलं की मग पुढचा आहार. ज्याला भूक आहे आणि दुसरा आजार नाही, त्याला घरीच शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं. एका ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० किलोकॅलरी, पाणी मिसळायची गरज नाही. हे कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे चुकलं तर मूल दगावतं. पदवी त्यासाठी.

आता पोटाचा प्रश्न. खरं सांगतो, सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात. बहुतेक नोकऱ्या कंत्राटी, प्रकल्पापुरत्या. निधी आटला की काम संपतं आणि मधले काही महिने हात रिकामे राहतात. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञाचा पगार सुरुवातीला यापेक्षा भरवशाचा असतो. म्हणून माझा सल्ला असा की ते दार बंद करू नका. पदवीनंतर तिला सार्वजनिक आरोग्य पोषणात एम.एस्सी. करू द्या, पण मोठ्या रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप करून रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षाही द्यायला सांगा. ते दोन कामांसाठी उपयोगी पडेल. नोकऱ्यांच्या मधल्या खड्ड्यात हाताला काम राहील, आणि आजारी माणसाला खाऊ घालायचं कसब वॉर्डातच शिकायला मिळतं.

एम.एस्सी.नंतर लगेच परदेश, जागतिक संस्था, निळी टोपी, असं काही तिच्या मनात असेल तर तिला थांबवा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरुवातीच्या आंतरराष्ट्रीय पदालासुद्धा पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि माझ्या मते ती दोन वर्षं मेळघाट, नंदुरबार किंवा पालघरमध्येच जावीत. तिथे ग्राम बाल विकास केंद्रं आहेत, पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत. कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी हातात धरून रडणाऱ्या मुलाचा दंड नीट मोजता येणं, ११.५ सेंटिमीटरच्या खाली पट्टी लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, दाखवते तेव्हा त्या आईशी काय बोलायचं हे समजणं, पावसाळ्यात पूल वाहून गेल्यावर टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटं पाड्यावर कशी पोचवायची याची खटपट करणं. सुदान काय आणि मेळघाटातली धारणी काय, पट्टी तीच असते. मुलाखत घेणारे प्रमाणपत्रांपेक्षा हेच विचारतात. आपत्ती व्यवस्थापन वेगळं शिकायची इच्छा झाली तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तो अभ्यासक्रम आहे, पण तो अनुभवानंतर केला तर जास्त कळेल.

आणि एक गोष्ट आमच्या क्षेत्रातले लोक सांगायला विसरतात : तिला फ्रेंच शिकवा. काँगो, चाड, नायजर, माली या देशांत कुपोषणाचं काम मोठं आहे आणि तिथला कारभार बराचसा फ्रेंचमध्ये चालत आला आहे. इंग्रजी सगळ्यांनाच येतं. हिशेबासाठी एक्सेल मात्र आत्तापासून, रोज.

युद्धाबद्दलची तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. १९ ऑगस्ट हा जागतिक मानवतावादी दिन पाळतात तो २००३ साली बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर झालेल्या स्फोटात २२ जण गेले म्हणून. मदत करणारी माणसं आजही मारली जातात. पण नवख्या मुलीला कुणी तिथे पाठवत नाही. आधी अनुभव लागतो, सुरक्षेचं प्रशिक्षण होतं, आणि नाही म्हणायचा हक्क तिचा असतो. या क्षेत्रातले कितीतरी जण आयुष्यभर पूर, भूकंप आणि दुष्काळातच काम करतात, बरेचदा आपल्याच देशात. ती कुठवर जाईल हे तिने तिशीत ठरवावं. आज तुम्ही तिला फक्त एम.एस्सी.च्या दारापर्यंत सोडायचंय.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आईचं माहेर जत आणि बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या. मग सुकडी आणि लाल मिलो ज्वारी त्यांनी खाल्ली असणार. लेकीला सांगा, एका दुपारी वही घेऊन आजीजवळ बस. रोज किती मिळायचं, घरी कोण आधी जेवायचं, कोण उपाशी राहायचं, तान्ह्या पोरांना काय देत होता, मिलो कुणाला पचायची नाही, हे सगळं विचारून लिहून काढ. तिच्या पुढच्या कामात हेच प्रश्न ती अनोळखी बायांना विचारणार आहे. वही भरली की मला पाठवा, एम.एस्सी.च्या अर्जाचं आपण त्यानंतर बोलू.