पट मांडा, उपदेश नको

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं, की घरात कोणी उदास बसलं असेल तर त्याला समजावत बसण्यापेक्षा त्याच्याजवळ एखादा पट मांडावा. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही रागावलेलीही होती. चार इथं घेते.

प्रश्न : दिवाळीच्या तोंडावर सासरे गेले. तेव्हापासून सासूबाई (वय ६८) ओसरीवर भिंतीला टेकून बसून असतात. भजनी मंडळ सोडलं, टीव्ही लावला तर बंद करायला लावतात. तुमचं वाचून मी लुडो आणला आणि म्हटलं, ‘खेळा, मन रमेल.’ त्या म्हणाल्या, ‘कपाळ पांढरं झालं अन् आता पोरखेळ करू का? लोक काय म्हणतील?’ लुडो कपाटावर धूळ खातोय. खेळानं खरंच काही फरक पडतो का?
— एक सून, सेलू, जि. परभणी

उत्तर : लुडोचा काही दोष नाही. पण ज्या बाईचा नवरा जाऊन वर्षही झालेलं नाही, तिला मन रमवायचंच नसतं. मन रमलं तर आपण त्यांना विसरलो की काय, अशी टोचणी लागते. तुम्ही चांगल्या मनानं बोललात, त्यांना मात्र ते ‘आता पुरे करा’ असं ऐकू गेलं असणार.

त्यांना खेळायला बोलवूच नका. तुमच्या भागात उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, ती वेळ चांगली. भांडी आवरली की लेकराला घेऊन त्यांच्याच ओसरीवर बसा. खडूनं पाच बाय पाच घरं आखा, फुल्ल्या मारा, फाशांसारख्या टाकायला चिंचोके फोडून चार डाळ्या घ्या आणि तुम्ही दोघं अष्टाचंग सुरू करा. सोंगट्या म्हणून बांगड्यांच्या काचा घेऊ नका, का ते तुम्हाला सांगायला नको. तुरीचे दाणे, खडे, बटणं, काहीही चालेल. आणि मध्येच एखादा नियम चुकवा. चारी डाळ्या तपकिरी पडल्या की आठ घरं चालायची, तिथं चार चाला. ज्या बाईचं बालपण या खेळात गेलंय तिला चुकीचं दान बघून गप्प बसवणार नाही. पहिल्या दिवशी नुसतं ‘आठ हाय ते’ एवढंच म्हणतील. तेवढ्यावर थांबा. लगेच ‘या ना आई, बसा’ म्हणालात की पुन्हा भिंत.

यानं होतं काय? दुःखात माणूस एकच विचार गोल गोल दळत बसतो. दान मोजायचं, कोणती सोंगटी पुढं काढायची, लेकराची सोंगटी मारायची की सोडायची, एवढ्या बारीक कामात डोकं गुंतलं की दळण थोडा वेळ थांबतं. दुसरं म्हणजे, ‘मन लागलं की करीन’ असं उदास माणूस म्हणतो, पण गाडी बहुतेक वेळा उलटी चालते. आधी काहीतरी करायला लागावं लागतं, मन मागून येतं. नैराश्याच्या उपचारात याच तत्त्वावर एक पद्धतच आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची. आणि तिसरं, जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं : पटाच्या दोन बाजूंना बसलेल्या माणसांना एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही. बोलायचं असेल तर बोलावं, नसेल तर चिंचोके टाकावेत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मी औसा तालुक्यात शिक्षिका म्हणून पत्र्याच्या शेडमधल्या मुलांसोबत होते. ‘काय झालं ते सांगा, मन मोकळं होईल’ असं मोठी माणसं येऊन म्हणायची आणि मुलं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहायची. विटकरीच्या तुकड्यानं जमिनीवर पट आखला की तीच मुलं गोळा व्हायची. एकदा ऐन डावात एक पोरगी म्हणाली, ‘आमच्या आजीला आठ लई पडायचे.’ बाकीच्यांनी ऐकलं आणि पुढचं दान टाकलं. त्या घरातली आजी गेलेली होती. मी काही विचारलं नाही, कुणीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पोरगी बोलायला लागली.

राहिला ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न. वेरूळला एकवीस नंबरचं लेणं आहे, रामेश्वराचं. तिथं शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. घृष्णेश्वराला जाल तेव्हा सासूबाईंना तेवढं दाखवून आणा. देवाला शोभतं ते आपल्यालाही शोभेल, असं मात्र म्हणू नका, तो पुन्हा उपदेश झाला.

आता ‘खरंच फरक पडतो का’ याबद्दल. फ्रान्समध्ये ३,६७५ वयस्कर लोकांवर वीस वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. असे खेळ खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका १५ टक्क्यांनी कमी दिसला. बातम्यांत एवढंच छापून येतं. पण सुरुवातीला कोणाची बुद्धी किती तल्लख होती आणि कोण आधीच नैराश्यात होतं हे हिशेबात धरल्यावर तो फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे ज्यांचं डोकं शाबूत तेच जास्त खेळत होते, असंही असू शकतं. खेळणाऱ्यांत पुढं नैराश्य कमी आढळलं, हेही त्याच अभ्यासात आहे. तेव्हा ‘पट मांडला की विसरभोळेपणा टळतो’ असं मी तुम्हाला लिहून देणार नाही. सासूबाईंची दुपार थोडी हलकी होईल, इतकी आशा ठेवायला हरकत नाही.

आणि पटाच्या भरवशावर एवढं सोडू नका : जेवण तुटलंय का, झोप पहाटे तीनला मोडते का, वजन उतरलंय का, ‘मला पण घेऊन जा’ असं फोटोसमोर बोलतात का? हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, म्हातारपणी त्यांच्या कमतरतेनंही माणूस असा मिटतो. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का तेही बघा. बऱ्याच आज्या ‘नको खेळायला’ म्हणतात कारण त्यांना घरं दिसत नसतात आणि तसं सांगायची लाज वाटते.

प्रश्न : नीटची दुसऱ्यांदा तयारी करतोय. खोलीवरचे आम्ही चौघं रात्री जेवणानंतर कॅरम खेळतो. वडील गावाकडून आले, बोर्ड बघितला आणि म्हणाले, ‘याच्यासाठी फी भरली का?’ कॅरम बंद केला. आता मी मोबाइलवर बुद्धिबळ खेळत पडतो, एक वाजतो. काय करू?
— लातूर

उत्तर : कॅरम परत काढ. तुमच्या गल्लीत माणसाची किंमत दिवसभर नीटला ७२० पैकी किती गुण यावर ठरते. कॅरमवर हरलास तर कुठल्या यादीत तुझा नंबर खाली जात नाही, आणि पुढच्या डावात तूच राणी घेऊ शकतोस. अशी छोटी, बिनविषारी हार रोज वाट्याला येणं तुझ्या वयाच्या पोराला चांगलं. शिवाय कॅरमचा डाव संपतो. सोंगट्या डब्यात जातात, बोर्ड भिंतीला लागतो, चौघं झोपतात. मोबाइलवर एक डाव संपायच्या आत दुसरा समोर उभा असतो. म्हणून बुद्धिबळ खेळायचंच तर पाटावर, समोर माणूस बसवून.

वडिलांशी वाद घालू नकोस. पुढच्या खेपेला येतील तेव्हा स्ट्रायकर त्यांच्या हातात दे. गणपती मंडळात कॅरम खेळलेली पिढी आहे ती, तुम्हाला चौघांनाही भारी पडतील.

एक मात्र प्रामाणिकपणे बघ : फिजिक्सचं पुस्तक उघडायची भीती वाटते म्हणून डाव लांबतोय का? तसं असेल तर शिकवणीतल्या सरांशी बोल. आणि जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटलं, तुला किंवा खोलीतल्या कुणाला, तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलतात.

प्रश्न : आम्ही तीन जोडपी शनिवारी जमून कॅटान खेळतो. हरले की माझे मिस्टर दोन दिवस बोलत नाहीत. खेळणं बंद करावं का?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : १९९५ साली जर्मनीत आलेला हा पटावरचा खेळ गहू, विटा अशा मालाच्या देवाणघेवाणीवर चालतो. ‘तुला गहू देणार नाही’ हे ज्याला मनाला लागतं, त्याला तो जड जाणारच. काही आठवडे पँडेमिक खेळून बघा. २००८ चा आहे, त्यात सगळे खेळाडू एका बाजूला आणि रोगाच्या साथी दुसऱ्या बाजूला. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. फक्त एकच शहाणा सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतो, तेवढं होऊ देऊ नका. बहुधा तुमचे मिस्टरच असतील.

हाच अबोला भाजीत मीठ कमी पडल्यावरही धरत असतील, तर मला खेळाबद्दल विचारू नका. दोघं मिळून समुपदेशकाकडं जा.

प्रश्न : आमची आजी म्हणते, अष्टाचंगमध्ये दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, असा नियमच नाही. रोज भांडण होतं. कोण बरोबर?
— इयत्ता आठवी, औंढा नागनाथ, जि. हिंगोली

उत्तर : दोघी. दर दहा कोसांवर नियम बदलतो. ज्यांच्या ओसरीवर पट, त्यांचा नियम, आणि तो पहिलं दान पडायच्या आधी मोठ्यानं सांगायचा. तुझा धाकटा भाऊ खेळात असेल तर मात्र काकूंचा नियम घ्या. त्याला सोंगटी मारणं जमत नाही आणि तो बाहेरच फिरत राहतो.