हिप्सिपिलीचे माहेर

प्रश्न : आमच्याकडे भाट येऊन वहीतून कुळाची वंशावळ वाचतात, म्हणून विचारतो : ग्रीक पुराणकथांतील लेम्नॉस बेटाची राजकन्या हिप्सिपिली हिचे कूळ कोणते?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : हिप्सिपिली ही राजा थोआसची मुलगी, थोआस हा मद्यदेव डायोनायसस आणि क्रीटची राजकन्या एरिआड्नी यांचा मुलगा, आणि एरिआड्नीचे वडील मिनॉस हे देवांचा राजा झ्यूस याचे पुत्र. बेटावरील स्त्रियांनी सगळे पुरुष मारले, तेव्हा हिने मात्र वडिलांना लपवून वाचवले. मला तर नावांच्या ओळीपेक्षा हेच मोठे वाटते. सोनेरी लोकर आणायला निघालेला ग्रीक वीर जेसन याच्यापासून झालेला तिचा मुलगा युनिअस याने ट्रॉय नगरापुढे लढणाऱ्या ग्रीक सैन्याला गलबते भरून मद्य पाठवले, आणि ते सैनिकांनी कांस्य, लोखंड, कातडी व गुरे देऊन घेतले, असे होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या 7व्या सर्गात आहे. मद्यदेवाच्या पणतूला हा व्यापार शोभतोच.