सोलरच्या आधी मुदत विमा

प्रश्न: वय ४१, सांगलीत स्वतःचं घर, गृहकर्ज २४ लाख बाकी. पत्नी गृहिणी, दोन मुलं. महिन्याला २६० युनिट, बिल २,६००. घर ‘झिरो कार्बन’ करायचं म्हणून ५ किलोवॉट सोलर बसवतोय. खर्च ३.२० लाख, अनुदान ७८,०००, बाकी वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी. जास्तीची वीज विकून हप्ता फिटेल, असं विक्रेता म्हणतो. विम्याची काळजी नाही; वर्षाला ६०,००० भरतो, संरक्षण ६ लाख. सोलर घेऊ का?

उत्तर: ५ किलोवॉट घेऊ नका. एक किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिट देतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॉटलाच ७८,००० वर थांबतं. वरचे दोन पूर्ण तुमच्या खिशातून. वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटना महावितरण फार कमी दर देतं, त्यातून हप्ता फिटत नाही. बचत वर्षाला २८,००० धरा. कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याजच ३०,००० च्या वर जातं. आधी चार जुने पंखे बदला. ७५ वॉटच्या जागी ३० वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, रोज बारा तास चालले तरी महिन्याला ६५ युनिट वाचतात. बारा हजार दीड-दोन वर्षांत वसूल. मग २ किलोवॉट पुरे, तेही सरकारी बँकेच्या सूर्यघर कर्जावर. व्याज जवळपास निम्मं.

मला खरी धास्ती वाटली ती तुमच्या पॉलिसीची. उद्या तुम्हाला काही झालं तर पत्नीच्या हाती सहा लाख येतील आणि बँक चोवीस लाख मागेल. घर विकावं लागेल. पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याने गृहकर्ज किती, मुलं केवढी, हे विचारलंच नसणार. हे विमा म्हणून विकलं जातं याचा मला संताप येतो. साठ हजारांच्या निम्म्याहून कमी हप्त्यात तुमच्या वयाच्या निरोगी, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला एक कोटीचा मुदत विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, मिळतो. अर्जात बीपी, साखर, तंबाखू काही लपवू नका. दावा तिथेच अडकतो. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नका. मग कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी आता मोडली तर हाती येणारी रक्कम) आणि पेडअप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर पुढे मिळणारी रक्कम), दोन्ही आकडे लेखी मागवा. ‘आता सोडलीत तर नुकसान,’ असं एजंट सांगेल. भरलेले पैसे गेले ते गेले. पुढची पंधरा वर्षं आणखी नऊ लाख तिथेच घालायचे का, एवढंच ठरवायचं आहे.

पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. नसेल तर तोही याच महिन्यात घ्या. सोलरचा अर्ज त्यानंतर.