पहिलाच उपासकाळ ना? मग एवढंच कर

ईस्टरआधीच्या या चाळीस दिवसांचा तक्ता आखत बसू नकोस. आधी बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकातला 6वा अध्याय उघड, पहिली 18 वचनं वाच. दान, प्रार्थना, उपास तिन्ही त्यात आलं, आणि ते लोकांना दाखवायला करायचं नाही हेही. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये यातलंच वाचतात: कपाळाला राख आणि कानावर ‘उपास दिसू नये म्हणून तोंड धू, डोक्याला तेल लाव’! मला दरवर्षी गंमत वाटते.

- सकाळी दहा मिनिटं प्रार्थना, दार लावून. मोबाइल बाहेरच्या खोलीत.
- आठवड्यातून एकच जेवण सोड. गोळ्या चालू असतील तर तेही नको, गोड सोड. ऑफिसात कुणी चहा पुढे केला तर ‘आत्ता नको’ म्हणायचं. सुस्कारा टाकायचा नाही.
- वाचलेले पैसे दानपेटीत, पाकिटावर नाव न घालता.

पहिल्या वर्षी मी उघड्या बायबलचा फोटो स्टेटसला टाकला होता. मग कितीजणांनी पाहिलं हे बघण्यातच ती दहा मिनिटं गेली. बहुतेक नवखे इथेच घसरतात.

आईला मात्र सांगून ठेव, नाहीतर ती ताट वाढून वाट बघत बसेल. घरच्यांपासून चोरून करायला सांगितलेलं नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. मौन, जागरण वगैरे पुढच्या वर्षी बघू.